काळ्या भाकरीशी ओळख

"काळी नको मला. पांढरी दे."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे मी गेले होते. उतारावरच्या वरकस रानातली नाचणी नुकतीच घरात आलेली. झोडपून, उपणून, उन्हं दाखवून झाली होती आणि त्या रात्री नव्या नाचणीची पहिली भाकरी चुलीवर टम्म फुगली होती. बहिणीचा साडेतीन वर्षांचा नातू आजोबांना चिकटून जेवायला बसला होता. ताटलीतला चतकोर त्याने एका बोटाने कडेला सारला आणि आजोबांच्या ताटातल्या तांदळाच्या भाकरीकडे हात केला.

"बघा मावशी, रोजचं हे असंच," सून म्हणाली. "काही म्हणून खात नाही. घास घेऊन मागं मागं फिरायचं नुसतं."

तीस वर्षं मी बालवाडीत काढली. "काही म्हणून खात नाही" हे वाक्य मी भोरच्या आठवडी बाजारात ऐकलंय, कोथरूडच्या सोसायटीत ऐकलंय, परदेशातल्या भाचीकडून फोनवरही ऐकलंय. सांगणारीच्या आवाजात दर वेळी तीच काळजी असते आणि काळजीच्या खाली थोडा अपराधीपणाही असतो, जणू आपल्याच हाताला चव नाही. म्हणून वाटलं, या पोराचंच निमित्त करून हा विषय नीट मांडावा.

दुसऱ्या दिवशी मी एकच काम केलं. सकाळपासून त्याच्या तोंडात काय काय गेलं ते वहीत लिहीत गेले. सात वाजता अर्धा कप चहा आणि त्यात बुडवून दोन खाऱ्या. साडेआठला साखर घातलेलं पेलाभर दूध. दहाच्या सुमाराला चुलतभावाबरोबर दुकानात गेला, तिथून पाच रुपयांचा पिवळ्या कुरकुरीत नळ्यांचा पुडा आला. अकराला शेजारच्या घरी दिवाळीच्या उरलेल्या शंकरपाळ्या मिळाल्या, मूठभर तरी असतील. साडेबाराला आईने भात, वरण आणि माठाची भाजी वाढली. दोन घास खाऊन तो उठला.

त्या वहीत "काहीच खात नाही" असं मला कुठेच दिसेना. पोरगं सकाळपासून खातच होतं. जेवणाच्या वेळी पोटात जागा नव्हती, एवढंच.

यात आईचा दोष काढायला मी बसलेले नाही. तिला गवताला जायचं असतं, गोठा असतो, धुणं असतं. घरचा पुरुष पुण्याला कामाला, शनिवारी रात्री येणार. आज्जीचे गुडघे धरलेले. रडणाऱ्या पोराला पाच रुपयांत अर्धा तास गप्प करणारी गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असते, ती घेतली जाते. पण त्या पुड्यातलं मीठ, तेल आणि मैद्यासारखं पीठ भूक मारतं आणि जिभेला इतक्या तिखट-खारट चवीची सवय लावतं, की त्यापुढे माठाची भाजी पाणचट लागते. चहाचं तर आणखी वाईट. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर शंभर मुलांपैकी जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय आढळला होता. अशा राज्यात तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात सकाळी उठल्याबरोबर चहा जाऊ नये, हे मी हात जोडून सांगते. दूधही बेताने हवं. दूध चांगलं, पण त्यात लोह जवळपास नसतंच, आणि पेल्यावर पेले रिचवले की बाकीच्या जेवणाला जागा उरत नाही. दिवसाला दोन लहान पेले पुष्कळ झाले.

दुसरी एक गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. बाळ पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन दोन-अडीच किलोच वाढतं, पुढे त्याहूनही हळू. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच वेळी पोर चालायला लागतं, "मी" आणि "नको" हे शब्द शिकतं आणि आईला वाटतं, कालपर्यंत वाटी चाटून पुसून खाणाऱ्या माझ्या लेकराला नजर लागली. नजर लागलेली नसते, त्याच्या अंगालाच आता कमी लागत असतं. तीन वर्षांच्या मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं धरून चाला. मोठ्या माणसाची थाळी त्याच्यापुढे मांडली तर ते जेवायच्या आधीच दमतं. भाजी तीन चमचे, वरण-भात अर्धी वाटी, भाकरी चतकोर, एवढ्यावर सुरुवात करावी. लागलं तर मागेल.

आता त्या "काळी नको"कडे येते. दोन ते सहा वर्षं या वयात बहुतेक मुलं नव्या पदार्थाला बिचकतात. शास्त्रज्ञ याला अन्नाची नवलभीती म्हणतात. यामागे शहाणपण आहे. रांगणारं मूल आईच्या नजरेखाली असतं, पण चालायला लागलेलं मूल झुडपापर्यंत पोचतं. तिथलं प्रत्येक पान, प्रत्येक फळ तोंडात घालणारी पोरं जगली नसती, बिचकणारी जगली. कडू चवीला मुलं मोठ्यांपेक्षा जास्त तोंड वाकडं करतात तेही याच कारणाने, कारण विषारी वनस्पती बहुधा कडू असतात. काहींना कडू चव जन्मतःच जास्त तीव्र लागते आणि ती आई-वडिलांकडून आलेली असते. तेव्हा मेथीला नाक मुरडणाऱ्या पोराला हट्टी म्हणण्याआधी घरात मेथीला आणखी कोण नाक मुरडतं तेही पाहावं.

ही भीती जाते कशी, याचा अभ्यास अमेरिकेतल्या लिअ‍ॅन बर्च या बाईंनी आयुष्यभर केला. १९८२ च्या त्यांच्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना आधी कधी न चाखलेले पदार्थ दिले गेले. एखादा दोनदा, एखादा पाच वेळा, काही दहा, पंधरा, वीस वेळा. नंतर निवडायला सांगितल्यावर मुलांनी बहुतेक तेच पदार्थ उचलले जे त्यांनी जास्त वेळा चाखले होते. पुढच्या अनेक अभ्यासांतही आठ-दहा ते पंधरा वेळा चाखल्यावर नवा पदार्थ आपला वाटू लागतो, असंच दिसत गेलं. आपल्या घरांत चौथ्या-पाचव्या नकाराला भाजी बाद होते. "याला दुधी आवडत नाही" असा शिक्का बसतो, पोराच्या देखत दहा जणांना सांगितला जातो, आणि मग पोरही ते स्वतःबद्दल खरं मानायला लागतं. अजून दहा वेळा चव पाहायची बाकी असताना हा निकाल लागलेला असतो.

चाखणं म्हणजे वाटीभर खाणं नव्हे. वाटाण्याएवढा घास पुरे. जिभेला लावून थुंकला तरी ती एक भेट झाली. वास घेतला, बोटाने दाबून पाहिला, तीही ओळखच, जरी जिभेची ओळख जिभेनेच व्हावी लागते. या सगळ्यात आईने करायचं एवढंच, की भाजी पुन्हा पुन्हा ताटात येऊ द्यायची, शेजारी पोराला आवडणारं काहीतरी ठेवायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. आपल्याकडे जेवू घालणं हीच माया. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" म्हणत भरवण्यात गैर काही नाही, तो खेळच आहे. पण तोंड दाबून भरवणं, धाक घालणं, समोर मोबाईल लावून पोराला कळू न देता घास सारणं, यातून भूक आणि पोट यांचा आपसातला बोलाचालीचा रस्ताच बंद पडतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीतल्या मुलांना सूप दिलं होतं. काहींना "संपव, संपव" म्हणून टोकत राहिले, काहींना नुसतंच दिलं. टोकलेल्या मुलांनी सूप कमी प्यायलं आणि नावंही जास्त ठेवली. लाच दिली तरी तसंच होतं. "भाजी संपव, मग चॉकलेट" म्हटलं की पोर हिशेब करतं: ज्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ती गोष्ट वाईटच असणार. बर्चबाईंनी १९८४ मध्ये हेही दाखवलं होतं, बक्षिसासाठी प्यायलेलं पेय मुलांना नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागलं.

मग पोराच्या मर्जीवरच सोडायचं का? इथे मला शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी १९२६ च्या सुमारास नुकत्याच दूध सुटू लागलेल्या बाळांपुढे रोज साध्या शिजवलेल्या किंवा कच्च्या पदार्थांच्या वाट्या मांडायला सुरुवात केली: धान्यं, भाज्या, फळं, मांस, अंडी, दूध, वेगळं मीठ. दाईने नुसतं बसायचं, बोटाने दाखवलं तर चमचा भरायचा, सुचवायचं काही नाही. पंधरा बाळं, चौतीस पदार्थ. कुणी एका दिवशी अंडीच अंडी खाल्ली, कुणी केळ्यांचा सपाटा लावला. एकेक जेवण पाहिलं तर गोंधळ, पण महिन्यांचा हिशेब मांडल्यावर सगळी मुलं चांगली वाढलेली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड माशाच्या तेलाची वाटीही ठेवली होती. हाडं बरी होईपर्यंत ते तेल प्यायलं आणि मग त्याने सोडून दिलं.

ही गोष्ट सांगणारे बरेचदा तिथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, मुलाला सगळं कळतं. डेव्हिसबाईंनी स्वतः मर्म सांगून ठेवलंय: त्या चौतीस वाट्यांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. वाट्यांत काय असावं हे मोठ्यांनी ठरवलं होतं. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हेच कामाच्या वाटणीसारखं मांडलं. काय, कधी आणि कुठे बसून खायचं हे आई-बापांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे पोराने. मला ही वाटणी पटते, कारण ती दोघांनाही मान देते. दोन जेवणांच्या मध्ये दोन ठरलेली खाणी, त्यामध्ये पाण्याशिवाय काही नाही, एवढं जमलं तरी आठवड्यात फरक दिसतो. वहीतला तो दहाचा पुडा आणि अकराच्या शंकरपाळ्या आम्ही बंद केल्या नाहीत, चारच्या खाण्याला नेल्या. दुपारी त्याने वरण-भात पुन्हा मागितला. त्याच्या आईने माझ्याकडे वळून पाहिलं, बोलली काही नाही.

खरं तर चवीची ओळख ताटापर्यंत यायच्याही आधी सुरू होते. ज्युली मेनेला या संशोधिकेच्या २००१ च्या अभ्यासात काही बायकांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना नियमित गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज जास्त आनंदाने खाल्ली. आईच्या पोटातल्या पाण्यातून आणि दुधातून चव बाळापर्यंत पोचते. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूधदुभतं वारंवार खात होत्या त्यांची बाळं जन्मताना अंगापिंडाने मोठी होती. तेव्हा नातवाने पालेभाजी खावी असं वाटत असेल तर आधी सुनेच्या ताटात ती पुरेशी पडते का, हे पाहायला हवं. आमच्या घरांत बाई शेवटी जेवते आणि पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते खाते. तिथून हा प्रश्न सुरू होतो.

उष्टावणानंतरचे दिवसही असेच मोलाचे. सहा महिने पूर्ण झाले की आपण पेज, गुरगुट्या भात, वरणाचं पाणी सुरू करतो. बरेचदा वर्षभर तेच चालू राहतं, सगळं मिक्सरमधून काढून, कारण घशात अडकेल ही भीती. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की दहा महिन्यांनंतरही गुठळ्या असलेलं, चावायचं अन्न ज्यांना मिळालं नव्हतं ती मुलं पुढे खायला जास्त त्रास देत होती. आठव्या-नवव्या महिन्यात बोटाने कुस्करलेला भात, मऊ शिजलेल्या भोपळ्याचा तुकडा हातात द्यावा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत, ते खरोखरच श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचा कूट करावा.

आता या मुलखाकडे वळते, कारण इथल्या माणसांना आपल्या ताटाची किंमत कमी वाटते आणि ते मला सोसत नाही. भोरचं हिरडस मावळ, वेळवंड खोरं, रोहिड खोरं, आणि वेल्ह्याचं (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय) गुंजण मावळ, कानंद खोरं. हा सगळा भाताचा मुलूख. खाचरात आंबेमोहोर, इंद्रायणी, आणि वर उतारावर, जिथे पाणी ठरत नाही तिथे, नाचणी, वरई आणि खुरासणी. ऑक्टोबरमध्ये खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी डोंगर उजळतात. ते नुसते फोटो काढायला नाहीत, त्या बियांच्या चटणीत लेकराला हवी ती चांगली चरबी आहे.

नाचणीचा दाणा इतका बारीक, की त्याला तांदळासारखं पॉलिश करता येत नाही. कोंड्यासकट दळावा लागतो, म्हणून त्यातलं सत्त्व त्यातच राहतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. लहान मुलासाठी नाचणी द्यायची तर मोड आणून द्यावी. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून ठेवायची, मोड फुटले की सावलीत वाळवून हलकी भाजून दळायची. मोड येताना दाण्यात अमायलेज हे पाचक द्रव्य तयार होतं, ते पिष्ट फोडतं. त्यामुळे पेज गोडसर लागते आणि मुख्य म्हणजे पातळ राहते. साध्या पिठाची पेज घट्ट होते म्हणून आपण पाणी वाढवतो आणि बाळाच्या पोटात पाणीच जातं. मोडाच्या पिठाची तेवढीच पातळ पेज जास्त पीठ घालून करता येते, मुठीएवढ्या पोटात जास्त ताकद जाते. शिवाय लोह शोषायला आड येणारं फायटेट मोडांमुळे कमी होतं. वर लिंबू पिळलं किंवा तोंडी आवळ्याची फोड दिली तर लोह आणखी चांगलं अंगी लागतं. आमच्या आज्ज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण मोड आणायची रीत ठाऊक होती.

मग ही नाचणी पोराला "काळी" का वाटली? साडेतीन वर्षांच्या पोराला रंग वाईट आहे हे कुणी सांगितलं?

हे मी दाजींना विचारलं, म्हणजे बहिणीच्या यजमानांना, त्या पोराच्या आजोबांना. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या लहानपणी भात पिकायचा तो विकायला. मीठ-मिरची, कपडालत्ता त्याच्यावर. घरात नाचणी नाहीतर वरई. भात सणाला. पाव्हणा आला की आई शेजारून तांदूळ उसना आणायची. तवाच ठरवलं होतं, माझ्या घरात पांढराच भात शिजंल."

मला पुढे काही बोलता आलं नाही. त्यांच्या ताटात नाचणीची भाकरी नसते, त्यात त्यांच्या बालपणाची सगळी भूक आहे. पण नातू रोज त्या ताटाला मांडी लावून बसतो. मुलं आपण सांगतो ते खात नाहीत, आपण खातो ते खातात. घरातला सगळ्यात मोठा माणूस ज्याला हात लावत नाही, ते खाण्यालायक नाही हे पोराला न सांगता कळतं. रानातल्या इतर अन्नाचंही तेच झालंय. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी पानं येतात, मग कुरडू, भारंगी, फोडशी. पुण्यात रानभाज्यांच्या महोत्सवात लोक रांगा लावून हे खातात आणि इथली सून पाव्हण्यांपुढे टाकळा वाढायला लाजते. (पानं ओळखणारं जाणतं माणूस बरोबर असल्याशिवाय रानातलं काही खुडू नये, हेही सांगून ठेवते.) करवंदं, जांभळं तर आहेतच. उन्हाळ्यात तोरणाची पांढरी फळं पिकतात, याच झाडांवरून तोरण्याला नाव पडलं असं सांगतात. गडाचं नाव पाठ असलेल्या पोराने ते फळ चाखलेलं असावं, असं मला फार वाटतं.

एका दुपारी मी त्याच्याबरोबर वाडीतल्या अंगणवाडीत गेले. अंगणवाडी हा शब्दही आपल्या मातीतला. बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पोरांसाठी काम मांडलं, आणि पोरं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून तो शब्द देशभर गेला. आम्ही गेलो त्या दुपारी मटकीची उसळ होती. मदतनीस ताईंनी सगळ्यांचे हात धुवून घेतले, पोरं भिंतीला टेकून ओळीने बसली. आमचा गडी घरी मटकी वेचून टाकतो. इथे शेजारच्या मैत्रिणीने वाटी तोंडाला लावली, पलीकडच्याने "मला अजून" म्हटलं, याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि खायला लागला. बर्चबाईंनी १९८० मध्येच हे मोजून दाखवलं होतं: नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांच्या सोबतीला एखाद्याला बसवलं तर काही दिवसांतच तो ती निवडू लागतो. अंगणवाडीचं जेवण नुसतं पोषण आहार म्हणून मोजलं जातं, त्यातल्या या पंगतीचं मोल कुणी धरत नाही. घरी आई पोराला आधी भरवून मोकळी होते आणि मोठे नंतर जेवतात, तिथे पोराला पंगतच मिळत नाही.

काही खुणा मात्र "खाईल हळूहळू" म्हणून सोडून देण्यासारख्या नसतात. वजनाची रेघ अंगणवाडीच्या तक्त्यावर दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली आली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला. पोर माती, खडू, भिंतीचा चुना खातं. सारखं दमतं, पांढुरकं दिसतं. प्रत्येक घासाला ओकारी काढतं किंवा ठसका लागतो. मोजून पाच-सात पदार्थांपलीकडे जात नाही आणि तेही कमी कमी होत जातात. अशा वेळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावं. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. जंत असले तर भूकच लागत नाही.

पाचव्या दिवशी बहीण भाकऱ्या थापत होती. नाचणीचं पीठ काठवटीत, त्यात उकळतं पाणी, उलथण्याने हलवून वाफ दडपलेली, मग हाताने मळणं. नाचणीला चिकटपणा नसतो, म्हणून ही उकड लागते. पोर शेजारी उकिडवं बसून पाहत होतं. मी बहिणीला खुणावलं. तिने लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात दिला. "थाप बघू तुझी चानकी." त्याने आधी गोळा हुंगला. मग जमिनीवर पीठ सांडत, दोन्ही तळव्यांनी दाबत, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे भोक पडलेली अशी काहीतरी चानकी केली. आज्जीने ती तशीच तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यावर धरली. ती फुगली नाही. भोकातून वाफ गेली.

ती चानकी त्याने खाल्ली नाही. कडेचा एक कण मोडून जिभेला लावला, तेवढंच. बाकीची गोठ्यातल्या वासराला दाखवून आणली. मी वहीत लिहिलं: नाचणी, तिसरी भेट, एक कण. सहाव्या दिवशी त्याने स्वतःहून गोळा मागितला. सातव्या दिवशी चानकीवर लोणी आणि गुळाचा खडा घेतला, गूळ खाल्ला, लोणी चाटलं, भाकरीचा एक तुकडा गेला. आई काही म्हणाली नाही. तिने मागे फिरणं सोडलं होतं आणि त्या वेळात ती स्वतः गरम जेवत होती.

मी निघायच्या आदल्या रात्री तो दोन चानक्या घेऊन आला. एक आपल्या ताटलीत ठेवली. दुसरी, जास्त करपलेली, आजोबांच्या ताटात तांदळाच्या भाकरीवर ठेवली.

"मी केली. तुम्ही खा."

दाजींनी ताटाकडे पाहिलं. बहिणीचा हात परातीत थांबला. त्यांनी चानकीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. पोर स्वतःच्या ताटलीला हात न लावता त्यांच्या चावणाऱ्या जबड्याकडे टक लावून बघत होतं.

"आणखी एक थाप," दाजी म्हणाले.